गाईपासून लपवलेले धांडे

मक्याचा धांडा गुडघ्यावर मोडायचा असतो. हातात मोडला तर त्याची कड बोटात शिरते आणि दोन दिवस ठणकते. मामीने मला हे शिकवलं तेव्हा मी अकरा वर्षांची होते. तोपर्यंत मका म्हणजे माझ्यासाठी फक्त कणीस होतं. शाळेच्या पुस्तकातही तेवढंच चित्र होतं. कणीस काढून घेतल्यावर मागे जे उभं राहतं, त्याला काही नाव असेल असं मला वाटलंच नव्हतं.

आम्ही भंडाऱ्याला राहायचो. माझी शाळा इंग्रजी होती. मामाचं गाव साकोलीहून आत, जंगलाच्या बाजूला. सगळी शेती धानाची. मका फक्त घरामागच्या वाडीत, विहिरीला लागून पंधरा-वीस ओळी. विकायला नाही, घरापुरता.

त्या वर्षी पोळ्याला आई मला घेऊन गेली होती. आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. भाचीचा मान असतो, वयाचा प्रश्न नसतो. मी दारात पाय ठेवला की मामा खांद्यावरचं दुपट्टं सावरत वाकायचा आणि मी आईच्या मागे दडायची. एवढा मोठा माणूस आपल्या मळक्या सँडलींपाशी वाकतो, याची मला लाज वाटायची. आणि थोडी भीतीही वाटायची, की आपल्याकडून काही चुकलं तर या मानाचं काय होईल.

पोळ्याच्या तिसऱ्या दिवशी मामाने साकोलीहून पावडरीचा डबा आणला. मका छातीएवढा झाला होता आणि पोग्यांना, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांच्या सुरळीला, अळीने भोकं पाडली होती. डब्यावर सगळं इंग्रजीत होतं. ओसरीवर शेजारची चार-पाच माणसं बसली होती. मामाने डबा माझ्यापुढे धरला.

"भाचीबाई, वाच बरं काय लिवलं हाय त्यावर."

मी उभी राहून वाचायला लागले. आधी इंग्रजीत, मग मराठीत सांगायचं. पोग्यात चिमूटभर टाकावी. नाकातोंडाला फडकं बांधावं. नंतर हात साबणाने धुवावेत. माणसं पोथी ऐकावी तशी ऐकत होती. मग त्यांच्यातला एक म्हातारा म्हणाला, "आई वं! पोरगी त मडमीवानी बोलून राहिली!"

सगळे हसले. ते कौतुकच होतं, हे मला आज कळतं. तेव्हा माझे कान तापले. खाली बारीक अक्षरांत अजून सहा-सात ओळी होत्या. अक्षरं मुंग्यांसारखी दिसत होती आणि सगळ्यांचे डोळे माझ्या तोंडावर होते.

"अजून हाय का?" मामाने विचारलं.

"नाही. एवढंच," मी म्हटलं आणि आत पळाले.

दसऱ्याला मी परत गेले, पण एकटी. आईचं नागपूरला ऑपरेशन होतं. बाबा तिच्यासोबत होते. मला साकोलीच्या बसमध्ये बसवून दिलं आणि मामाने स्टँडवर उतरवून घेतलं. तिथेच, बसच्या दारात, सगळ्यांसमोर तो वाकला.

मका तोवर कापून झाला होता. बियाण्याची कणसं चुलीवरच्या आढ्याला टांगलेली होती आणि धांड्यांच्या पेंढ्या कोठ्याच्या भिंतीला टेकवून उभ्या होत्या. कोठा म्हणजे गुरांचा. मामी मला रोज धांड्यांबद्दल काही ना काही सांगायची, कारण आमच्या दोघींत बोलायला दुसरं काही नव्हतं. कोवळ्या धांड्याचं खालचं पेर उसासारखं चोखता येतं. वाळला की चूल पेटवायला बरा. आतला पांढरा गाभा भेंडासारखा हलका असतो, त्याची पोरं बैलगाडी करतात. सरळ धांडे निवडून वाखाच्या दोरीने बांधले की ताटी होते, म्हणजे आडोसा.

"कनीस पाहुन्याचं असते," मामी म्हणायची, "धांडा घरचा. सगळ्याईच्या कामाचा, पन नाव कोनी घेत नाई. बाईमानसावानी."

पण सगळ्यात मोठं काम म्हणजे गाय. धान अजून शेतात उभं होतं आणि गेल्या वर्षीची तणस, म्हणजे धानाचा पेंढा, संपत आली होती. नवी तणस हाती येईपर्यंतचे तीन-चार आठवडे गाईला हेच धांडे. आणि गाईवर बाळ. मामीचं बाळ चार महिन्यांचं होतं. तिच्या अंगावर दूध नव्हतं. सकाळ-संध्याकाळ गाईचं दूध पाणी घालून उकळायचं आणि वाटी-चमच्याने पाजायचं. ते दूध पिताना बाळ वाटीकडे असं बघायचं की मला हसू यायचं.

पावडरीचा तो डबा मला दुसऱ्या दिवशी सापडला. कोठ्याच्या कोनाड्यात होता. आता त्यात खिळे आणि दोरीचे तुकडे ठेवले होते. मी तो उचलला त्याचं कारण एवढंच की त्या घरात इंग्रजी तेवढंच होतं. गोष्टीचं पुस्तक आणायचं राहून गेलं होतं. मी भिंतीला टेकून, ओळखीचं कोणी भेटावं तशी, ती बारीक अक्षरं वाचू लागले.

चौथ्या ओळीत लिहिलं होतं की पावडर टाकलेल्या पिकाचा चारा दुभत्या जनावरांना घालू नये. वाक्य तिथे संपलं नव्हतं. पुढच्या ओळीवर वाळलेल्या शेणाचा थर होता. पण मला पुढे वाचायचंच नव्हतं. माझ्या मागे, हातभर अंतरावर, गाय धांडा खात होती.

तो आवाज मला अजून ऐकू येतो. कड्क, मग दळल्यासारखं चावणं, मग पुन्हा कड्क. मी डबा जसाच्या तसा ठेवला. चिखल लागलेला असावा तसे हात फ्रॉकला पुसले.

त्या दिवशी संध्याकाळी मामीने बाळाला दूध पाजलं, ते मी पूर्ण बघितलं. सोळा चमचे. प्रत्येक चमच्याला मला वाटत होतं, आता. बाळाने ढेकर दिला आणि झोपलं. मी आदल्या दिवशी दोन कणसं भाजून खाल्ली होती, तीही आठवली. रात्रभर मी माझे हात थरथरतात का ते बघत राहिले आणि ते थरथरत होतेच.

सांगून टाकायचं होतं. एक वाक्य होतं. पण त्या वाक्याच्या आधी दुसरं एक वाक्य सांगावं लागलं असतं, की त्या दिवशी मी खोटं बोलले. पाच माणसांसमोर 'एवढंच' म्हटलं ते खोटं होतं. ज्याने बसच्या दारात माझ्या पायांना हात लावला त्याला हे सांगायचं. आणि मला घरी पाठवलं तर घरी कोण होतं?

मग मी ठरवलं की धांडेच संपवायचे. गाईला द्यायला उरलेच नाहीत तर सांगायला नको.

मी आयुष्यात कोणाकडे काही मागितलं नव्हतं. पाहुण्यांकडे पाणीसुद्धा आई मागायची माझ्यासाठी. त्या आठवड्यात मी सतत मागत होते. गल्लीतल्या मुली कोजागिरीला मातीची भुलाबाई बसवून गाणी म्हणणार होत्या. भुलाबाईवर पाच धांड्यांचा मांडव लागतो. खरं म्हणजे ज्वारीचे, पण आमच्याकडे ज्वारी कुठे, मक्याचेच चालतात. मी म्हटलं, मांडव मी करते. पाच लागत होते, मी पंधरा उचलले.

"एवढ्याचं काय करतं वं?" गल्लीतल्या एका मुलीने विचारलं. "भुलाबाईले माडी बांधून देतं काय?"

"हिच्या शाळेत धांडे नसतेत ना," दुसरी म्हणाली. "बिचारीनं पायलेच नाईत."

त्या खिदळल्या. एरवी मी घरात पळाले असते. तेव्हा मी आणखी दोन उचलले.

मग बैलगाड्या. मामा संध्याकाळी शेतावरून दमून यायचा आणि मी धांडे घेऊन त्याच्यापुढे उभी. तो विळ्याने साल सोलायचा, गाभ्याची चाकं कापायचा, सालीच्या काड्या टोचून बैल करायचा. एक झाली की मी म्हणायची, अजून एक. त्याला फार आनंद झाला होता. तो मामीला म्हणाला, "पाय, भाची रमली आपल्या इथं." ओसरीच्या भिंतीपाशी नऊ गाड्या ओळीने उभ्या राहिल्या. मला एकही नको होती.

मग ताटी. विहिरीजवळ दगडावर अंघोळ करायची, नुसती साडी आडवी बांधून. मी मामीला म्हटलं, मला लाज वाटते. त्या आठवड्यात मी बोललेली ही एकच खरी गोष्ट होती. मामाने त्याच दुपारी दोन पेंढ्या सोडल्या आणि धांडे एकाला एक लावून तीन बाजूंनी ताटी उभी केली. नव्या ताटीला वाळल्या पानांचा गोडसर वास यायचा. आत उभं राहिलं की फटींतून कोठा दिसायचा, गाय दिसायची, आणि गाय माझ्याकडेच बघते आहे असं वाटायचं.

सकाळी चूल मीच पेटवायची म्हणून हट्ट धरला. पहिल्या दिवशी चार धांडे घातले, दुसऱ्या दिवशी हातभर जुडगं. मामीने ते ओढून बाहेर काढलं आणि पायाने विझवलं.

"अवं, गाईच्या तोंडचं जाळून राहिली तू! इंधन का कमी हाय घरात?"

दुपारी घरात कोणी नसलं की गव्हाणीतलेही काढायचे. गाय एका टोकाला खात असायची आणि मी दुसऱ्या टोकाने ओढायची. तिचं तोंड ओलं आणि गरम असायचं. तिने कधी मला शिंग दाखवलं नाही. ओढून काढलेले धांडे शेणखताच्या खड्ड्यात टाकून वरून पालापाचोळा लोटायचा, पुन्हा हात फ्रॉकला पुसायचे.

पाचव्या दिवशी, कोजागिरीच्या दुसऱ्या सकाळी, मामी धार काढून आली आणि दुधाचा गंज तिरपा करून बघत राहिली.

"काय झालं माय या गाईले? दोन दिसापासून कमी देऊन राहिली. आज त अर्धंच."

"नजर लागली असंन," मामा म्हणाला.

मी खांबाला धरून उभी होते. विष भिनलं होतं. मी काढून घेतले त्याआधी तिने जेवढे खाल्ले तेवढ्यानेच भिनलं होतं. मी कोठ्यात जाऊन बघितलं. गाय गव्हाणीचं रिकामं लाकूड चाटत होती. तिच्या कमरेची हाडं वर आली होती. माझ्याकडे बघून ती हंबरली. मला वाटलं, ती मरताना हंबरते आहे.

त्यानंतर दोन दिवस मी जेवले नाही म्हटलं तरी चालेल. मामीला वाटलं मला आईची आठवण येते. तिने माझ्या डोक्याला तेल लावलं. तिचे हात केसांत फिरत होते आणि बाळ शेजारी पालथं पडून पायांनी गोधडी खरडत होतं. मी त्याचे ओठ निळे दिसतात का ते बघत होते.

तिसऱ्या सकाळी बाळाने पहिल्या दोन चमच्यांनंतर दूध उलटून टाकलं. लहान मुलं टाकतात तसंच. मामीने पदराने तोंड पुसलं, त्याला मांडीवर नीट घेतलं आणि तिसरा चमचा भरला.

मी उठले आणि वाटीवर हात मारला.

वाटी भिंतीपर्यंत गेली. सारवलेल्या जमिनीवर दूध पसरलं आणि लगेच पिवळट होत मुरायला लागलं. तेवढंच होतं घरात. मामीचा हात वर गेला. तो माझ्या गालापर्यंत आला आणि थांबला.

"भाची हायेस म्हनून!" ती म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "भाची हायेस म्हनून वाचली. काहून सांडलं? लेकराच्या तोंडचं काहून सांडलं, सांग!"

बाळ रडायला लागलं. मामा वाडीतून धावत आला. मग मी बोलले. कसं बोलले ते मला आठवत नाही. अर्धं इंग्रजीत बोलले असेन, कारण मामा पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मराठीत सांग बाई, मराठीत." डबा, चारा, दूध, पावडर, मी वाचलं नव्हतं, एवढंच नव्हतं, अजून होतं.

मामीने बाळाला छातीशी इतकं घट्ट धरलं की त्याचं रडणं दबलं. "किती दिस झाले?" ती मामाकडे बघून म्हणाली. "किती दिस पाजून राहिली मी याले?"

मामा कोठ्यात गेला. डबा घेऊन आला, त्यातले खिळे जमिनीवर ओतले, रांजणातलं पाणी ओतून वरचं शेण नखाने खरवडलं आणि दुपट्ट्याने पुसून डबा माझ्या हातात दिला.

"वाच. पहिल्यापासून वाच. मधात थांबू नको."

ओसरीवर त्या दिवशी दुसरं कोणी नव्हतं. तरी मला पोळ्याच्या दिवसापेक्षा जास्त डोळे दिसत होते. मी वाचत गेले. चिमूटभर, फडकं, साबण. मग बारीक अक्षरं. थंड आणि कोरड्या जागी ठेवावा. डबा जाळू नये. मग ती ओळ. पावडर टाकलेल्या पिकाचा चारा दुभत्या जनावरांना घालू नये. मी श्वास घेतला. शेणाखालून निघालेली पुढची ओळ ओली होती.

पावडर टाकल्यापासून तीस दिवसांपर्यंत.

मी ते दोनदा वाचलं. मग मराठीत सांगितलं. मामा खाली बसला आणि बोटांवर मोजायला लागला.

"पोळ्याच्या तिसऱ्या दिवशी टाकली. मंग गनपती. मंग पित्तर. मंग नवरात्र. दसऱ्याच्या दोन दिस आधी कापला. कापला तवाच महिना होऊन गेल्ता." तो थांबला, पुन्हा पहिल्या बोटापासून मोजून आला. "होय. महिन्याच्या वर. आज त दीड महिना झाला."

मग मामीने मान वळवली. तिने ओसरीवरच्या नऊ बैलगाड्या बघितल्या. विहिरीजवळची ताटी बघितली. कोपऱ्यात भुलाबाईचा वाळलेला मांडव होता, तो बघितला. मला कळायच्या आधी तिला कळलं.

"मंग गाय आटली ते काहून?" ती हळूच म्हणाली. "गव्हान रोज रिकामी. मी म्हनो, गाय लय खाऊन राहिली. तू काढत होतीस?"

मी मान डोलावली.

"उपाशी ठेवलं वं तिले," मामी म्हणाली.

मामाच्या तोंडावर हसू येऊ पाहत होतं, मला दिसलं, पण आलं नाही. त्याने डबा माझ्या हातातून घेतला. "त्या दिवशी एवढंच काहून म्हनली होतीस, भाचीबाई?"

"लाज वाटली."

"लाज तुले वाटली," तो म्हणाला, "अन् उपाशी गाय रायली." तो रागावला नव्हता. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

मामीने मात्र त्या दिवशी बाळाला गाईचं दूध दिलं नाही. संध्याकाळीही नाही. पेजेचं पाणी पाजलं. मामाने पुन्हा बोटं मोजून दाखवली, ती म्हणाली, "तुमची बोटं तुमच्यापाशी ठेवा." दुसऱ्या दिवशी तिने शेजारून शेळीचं दूध आणलं. धार काढून आल्यावर गंजात बोट बुडवून ती वास घ्यायची आणि दूध मांजराला ओतायची. बाळ झोपलं की त्याच्या नाकापुढे हात धरून बसायची. मी आठवडाभर एकटीने जे केलं होतं ते आता ती करत होती, आणि ते मी तिला दिलं होतं. तिला पुन्हा गाईचं दूध पाजायला किती दिवस लागले ते मला माहीत नाही. बाबा मला न्यायला आले तोवर तरी तिने पाजलं नव्हतं.

ते बाळ, माझा मामेभाऊ, आता माझ्या खांद्याला लागतो आणि मला इंग्रजीत बोलायला लावून हसतो. मी आजही औषधाच्या बाटलीवरचं, तिकिटामागचं, पिशवीवरचं सगळं शेवटच्या अक्षरापर्यंत वाचते. शेवटचं अक्षर आलं तरी उलटवून बघते.

पण त्या सकाळचं अजून थोडं राहिलं आहे. मोजून झाल्यावर मामा विहिरीपाशी गेला आणि ताटीची दोरी विळ्याने कापली. धांडे एकावर एक पडले. कवेत मावतील तेवढे उचलून तो कोठ्यात गेला आणि मला हाक मारली. मी दारातच थांबले. गाय उभी राहिली होती, दावं ताणून.

"ये. तूच दे."

"मामा, तुम्ही द्या."

"नाई. तुनं घेतलं, तूच दे."

त्याने एक धांडा माझ्या हातात दिला. सुकलेला, पान अर्धं फाटलेलं. तीस दिवस होऊन गेले होते. मी स्वतः वाचलं होतं, दोनदा. तरी मी तो पुढे केला तेव्हा माझ्या मुठीने तो सोडला नाही. गाईने टोक तोंडात घेतलं आणि ओढलं. मी धरून राहिले. ती माझ्याकडे बघत होती आणि चावत चावत माझ्या हातापर्यंत येत होती. मामा मागे उभा होता. कड्क, मग दळणं, मग कड्क. तिची खरखरीत जीभ माझ्या बोटांना लागली तेव्हा मी मूठ उघडली.